दादाच्या यादीवरचा लेख छापू का?

ताई,
मी तिशीतली आहे. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वाचनाचं वेड मला त्याच्यामुळेच लागलं. पण त्याच्या कपाटातली ‘थोर पुस्तकं’ झाडून सगळी पुरुषांनी लिहिलेली आहेत, आणि थोर साहित्य म्हणजे एवढंच असं तो मानतो. माझ्या हातात एखाद्या लेखिकेचं पुस्तक दिसलं की म्हणतो, ‘छान असतं गं, हलकंफुलकं.’ त्याच्या यादीतलं पुस्तक मला आवडलं नाही की, ‘पुन्हा वाच, तुला कळलं नाही.’ आमच्या वाचनगटात त्याच्यासारखे आणखी तिघे आहेत. खरं सांगायचं तर कॉलेजात मीसुद्धा मैत्रिणींशी असंच बोलायचे.
शेवटी वैतागून मी एक विनोदी लेख लिहिला, ‘महाग्रंथ भक्त मंडळाची नियमावली’, आणि गटात वाचून दाखवला. लोक पोट धरून हसले. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं होतं की मंडळाचे अध्यक्ष कादंबरीतलं माणूस मेलं की ढसाढसा रडतात, पण स्वतःचे वडील आजारी असताना पुस्तकातून डोकं वर काढत नाहीत. बाबा दवाखान्यात होते तेव्हा दादा रात्र रात्र त्यांच्या उशाशी वाचत बसायचा, हे गटात सगळ्यांना माहीत आहे. दादा एक शब्द बोलला नाही. पिशवी उचलली आणि निघून गेला. तीन आठवडे झाले, माझा फोन घेत नाही.
आता एका मासिकाच्या संपादकांनी तो लेख मागितला आहे. छापू का? दादाची माफी मागितली तर लेखच चुकीचा होता असं नाही का होणार? आणि त्याला एखादं पुस्तक द्यावं म्हणते, तर कुठलं देऊ?
— धाकटी

प्रिय धाकटी,

लेख छाप. फक्त आहे तसा देऊ नकोस, आणि संपादकांना द्यायच्या आधी दादाच्या घरी जाऊन ये.

पत्राबरोबर लेखाची प्रत पाठवलीस ते फार बरं केलंस. मी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना इतकी हसले की शेजारच्या खोलीतून काय झालं म्हणून विचारणा झाली. तुझा सहावा नियम तर मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला: ‘एखाद्या बाईने ग्रंथ वाचला नसेल, तर तिला तो वाचण्यास सांगावे. वाचला असेल, तर मूळ भाषेतून वाचला का असे विचारावे. मूळ भाषेतून वाचला असेल, तर विषय बदलावा.’ हे लिहायला नुसता राग पुरत नाही. वर्षानुवर्षं कान देऊन ऐकावं लागतं, आणि तू ऐकलेलं आहेस.

दुसऱ्या वाचनात मात्र शेवटच्या परिच्छेदाशी मी अडखळले. तिथवर तू भक्त मंडळी दुसऱ्यांशी कशी वागतात त्याला हसवतेस. कुणाला कमी लेखतात, कुणाचं बोलणं मध्येच तोडतात, कुणाला पुन्हा वाचायला लावतात, ते सगळं चारचौघांत घडतं. त्यामुळे चारचौघांत त्याला हसायला काहीच हरकत नाही. वडिलांच्या खाटेशेजारी रात्री तीन वाजता पुस्तक उघडून बसलेला माणूस मात्र कुणालाच कमी लेखत नसतो. माझी आई आजारी होती तेव्हा मीही एक भलंमोठं पुस्तक घेऊन तशीच बसायचे. त्यातलं एक पात्र आज मला आठवत नाही. आठवतो तो मांडीवरचा त्याचा भार, आणि सलाइनची बाटली बदलायची वेळ झाली की बोट घालून मिटलेलं पान. तुझा दादा बाबांना विसरून वाचत नव्हता गं. त्याला तिथं बसून राहता यावं म्हणून तो वाचत होता. तुलाही हे कुठेतरी माहीत असणार, नाहीतर इतकं लांब पत्र तू लिहिलं नसतंस.

म्हणून माफी माग, पण तेवढ्याचीच. फोनवर नको, मेसेजवर तर नकोच. समोर जा आणि स्पष्ट सांग: ‘दादा, बाबांच्या आजारपणातलं मी लिहायला नको होतं. ते मी काढून टाकलंय. बाकीचा लेख छापायला देणार आहे, आधी तू वाच.’ परवानगी मागू नकोस, नुसतं सांग. यानं लेख चुकीचा ठरत नाही. एक परिच्छेद चुकला होता आणि तो दुरुस्त केला, एवढाच त्याचा अर्थ. बाकीच्या नियमांवरूनही तो चिडला तर चिडू दे. बाबांचं आजारपण ही त्याची खाजगी गोष्ट आहे. बायकांना थोर लिहिता येत नाही हे त्याचं मत आहे, ते तो गटात सगळ्यांसमोर सांगतो, आणि सगळ्यांसमोर सांगितलेल्या मतावर सगळ्यांसमोर लिहिता येतं.

आता लेखाबद्दल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

तुझे पहिले तीन नियम कच्चे आहेत. पुस्तकं जाड असतात, वाक्यं लांब असतात, नावं उच्चारता येत नाहीत, असे ते विनोद आहेत. हे कुणीही लिहील, पुस्तक न उघडता लिहील. शिवाय त्यात तू भक्तांना सोडून पुस्तकांना हसतेस, आणि त्यातली कितीतरी पुस्तकं खरोखर मोठी आहेत. तू एक पुस्तक शंभराव्या पानावर सोडलंस असं पत्राच्या इथे न छापलेल्या ताज्या कलमात लिहिलंयस. सोडायला काहीच हरकत नाही, पण मग त्यावर विनोद करू नकोस. ज्याची टर उडवायची ते आतून बाहेरून माहीत हवं. स्टेला गिबन्स या इंग्रज लेखिकेनं १९३२ साली खेड्यातल्या मातीच्या आणि वासनांच्या भारदस्त कादंबऱ्यांची थट्टा करणारी कादंबरी लिहिली. त्यात आपल्याच पुस्तकातल्या खास अलंकारिक उताऱ्यांना तिनं तारांकित खुणा केल्या, म्हणजे वाचकाला थोर साहित्य कुठे आलं ते कळावं! त्या शैलीचं पाणी तिनं इतकं ओळखलं होतं की नक्कल मुळापेक्षा जिवंत झाली.

आणि तुझ्या मंडळाचा पहिला नियम, आठशे पानांच्या आतलं ते पुस्तकच नव्हे, हा उलटा फिरवता येईल हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही? अकराव्या शतकाच्या सुरुवातीला जपानच्या राजदरबारातल्या मुरासाकी शिकिबू या स्त्रीनं ‘गेंजी’ची कथा लिहिली. चोपन्न प्रकरणं. इंग्रजी भाषांतर हजार पानांच्या पुढे जातं, आणि जगातली पहिली कादंबरी म्हणून पुष्कळ अभ्यासक तिच्याकडेच बोट दाखवतात. तिचा सदस्यत्वाचा अर्ज तुझ्या मंडळाच्या कचेरीत येऊ दे. पानांची अट पुरी झाली आहे, काळाची अट हजार वर्षांनी पुरी झाली आहे, मूळ भाषेचा प्रश्न तिला विचारता येत नाही. चिटणीस फाइल चाळतोय, घाम पुसतोय, अध्यक्षांकडे बघतोय. हा प्रसंग लिही. पहिले तीन नियम मिळून जे करत नाहीत ते हा एक प्रसंग करील.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते नवव्या नियमाबद्दल. ‘काळाच्या कसोटीवर उतरलेले ग्रंथच ग्राह्य धरावेत.’ तू तो एका ओळीत लिहून पुढे गेलीस. खरं तर सगळा लेख तिथे उभा राहायला हवा, कारण दादाचं, त्याच्या तिघा मित्रांचं आणि एके काळी तुझंही म्हणणं या एका शब्दावर टेकलेलं आहे. काळ निवडतो, आम्ही थोडेच निवडतो! मग हा काळ म्हणजे कोण, ते मंडळाला विचार.

देवमाशाच्या पाठलागाची ती प्रसिद्ध कादंबरी घे, दादाच्या कपाटात ती असणारच. हर्मन मेल्व्हिलची ‘मोबी डिक’ १८५१ साली आली. मेल्व्हिलच्या हयातीत तिच्या जेमतेम तीन-चार हजार प्रती खपल्या, आणि १८९१ मध्ये तो गेला तेव्हा लोक त्याला जवळजवळ विसरले होते. चाळीस वर्षं काळानं काही केलं नाही. पुढे १९१९ मध्ये त्याची जन्मशताब्दी आली, त्या सुमारास काही प्राध्यापकांनी आणि समीक्षकांनी त्याच्यावर लिहायला घेतलं, १९२१ मध्ये चरित्र आलं, आवृत्त्या निघाल्या, आणि ती अभ्यासक्रमात जाऊन बसली. पुस्तक थोर आहेच, मी ते दोनदा वाचलंय. पण त्याला धुळीतून उचलणारे हात माणसांचे होते.

आता तसाच दुसरा हात बघ. झोरा नील हर्स्टन या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखिकेची सर्वांत गाजलेली कादंबरी १९३७ मध्ये आली. त्या काळच्या काही नामवंत पुरुष लेखकांनी तिला नाकं मुरडली, आणि मग ती बाजारातून नाहीशी झाली. १९६० मध्ये हर्स्टन गरिबीत गेली. तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. १९७३ मध्ये लेखिका अ‍ॅलिस वॉकर, तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होती, म्हणजे जवळपास तुझ्याच वयाची, रान माजलेल्या त्या कब्रस्तानात गवतातून वाट काढत गेली, जागा अंदाजानं शोधली आणि स्वतःच्या खर्चानं तिथे दगड बसवला. हर्स्टनवर तिनं लिहिलं, इतरांनीही लिहिलं, १९७८ मध्ये कादंबरी पुन्हा छापून आली, आणि आज ती कितीतरी विद्यापीठांत शिकवतात. मेल्व्हिलला अशी माणसं मिळाली आणि हर्स्टनलाही मिळाली. ज्यांना मिळालीच नाहीत त्यांची नावं मी तुला सांगू शकत नाही, कारण ती कुणाला ठाऊकच नाहीत. काळाची कसोटी म्हणतात ती ही. दादाला हे शांतपणे सांग, आणि लेखात मजेत सांग.

याद्या कोण करतं तेही दाखव. हॅरल्ड ब्लूम हा अमेरिकेतला मोठा समीक्षक. पाश्चात्त्य साहित्याचा मानदंड सांगणारा जाडजूड ग्रंथ त्यानं १९९४ मध्ये लिहिला आणि मध्यभागी २६ लेखक बसवले. त्यात स्त्रिया ४. साहित्याचं नोबेल १९०१ पासून २०२४ पर्यंत १२१ जणांना मिळालं, त्यात स्त्रिया १८. फ्रेंच अकादमी १६३५ साली स्थापन झाली आणि तिनं पहिली स्त्री आत घेतली १९८० मध्ये. आपल्या मराठीत चार ज्ञानपीठं आली, चौघेही पुरुष. चौघांचंही लेखन मला प्रिय आहे, तरी हे मोजून झाल्यावर मी बराच वेळ गप्प बसले होते. हे आकडे लेखात ओळीनं मांडू नकोस, वाचक पान उलटेल. एखादाच घे आणि मंडळाच्या वार्षिक अहवालात घाल.

नावांचं तर विचारूच नकोस. विशीतल्या शार्लट ब्राँटेनं आपल्या कविता इंग्लंडच्या राजकवीला पाठवल्या, तेव्हा १८३७ मध्ये त्याचं उत्तर आलं की साहित्य हे काही स्त्रीच्या आयुष्याचं काम होऊ शकत नाही. नऊ वर्षांनी तिघी बहिणींनी पुरुषी वाटतील अशा नावांनी कवितासंग्रह छापला. वर्षभरात दोन प्रती खपल्या. दोन! पुढच्याच वर्षी त्याच खोट्या नावानं आलेली शार्लटची ‘जेन आयर’ हातोहात गेली. आपल्याकडे १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि खळबळ उडाली, तेव्हा विभावरी शिरूरकर म्हणजे नक्की कोण याचा शोध लोक घेत होते. विभावरी म्हणजे मालतीबाई बेडेकर. त्यांना आपलं नाव झाकून लिहावं लागलं, कारण अविवाहित शिकलेल्या मुलींच्या मनातलं त्यांनी लिहिलं होतं. आणि तुझा दादा म्हणतो, हलकंफुलकं.

मी रागावले बघ. हा राग मला आहे आणि तो असावा असंच मला वाटतं. पण दादाला मी त्या राजकवीच्या शेजारी बसवणार नाही, आणि तूही बसवू नकोस. मला शाळेत एका शिक्षकांनी पंचवीस पुस्तकांची यादी दिली होती, स्वतःच्या हातानं लिहून, शाईपेनानं. ती चारदा घडी घालून मी कंपासपेटीत ठेवायचे. पंचविसातलं एक पुस्तक बाईनं लिहिलेलं होतं. मी ती यादी पुरी करायला अकरा वर्षं घेतली, आणि त्या अकरा वर्षांत यादीबाहेरच्या लेखिकांची पुस्तकं वाचनालयात हातात घेऊन परत ठेवली, कारण आधी यादी संपवायची होती. सर वाईट नव्हते. त्यांनाही कुणीतरी तीच यादी दिली असणार. आज त्या पंचविसातली बरीच पुस्तकं माझ्या उशाशी आहेत आणि ती माझीच आहेत, ती मी कुणाला परत देणार नाही. मला हळहळ वाटते ती परत ठेवलेल्या पुस्तकांची.

दादाच्या हातातही अशीच यादी आली असेल. त्याची भक्ती खोटी नाही. ज्यांच्यावर त्याचं इतकं प्रेम आहे, त्यातल्याच एकानं चारशे वर्षांपूर्वी अशा भक्तावर सगळ्यात मोठी विनोदी कादंबरी लिहिली. सर्व्हांतेसचा दॉन किहोते शूर सरदारांची पुस्तकं वाचून वाचून डोकं फिरवून घेतो आणि गंजकं चिलखत घालून निघतो. १६०५ च्या पहिल्या भागात एक प्रकरण आहे. गावचा धर्मगुरू आणि न्हावी त्याच्या घरातली पुस्तकं एकेक करून तपासतात, कुठलं जाळायचं आणि कुठलं ठेवायचं. जाळायला बसलेल्या या दोघांनी त्यातली कितीतरी वाचलेली असतात! एखादं हातात आलं की, हे राहू दे, हे फार सुंदर आहे, म्हणतात. त्या ढिगात खुद्द सर्व्हांतेसचंही एक पुस्तक निघतं. हसता हसता त्या वेड्या म्हाताऱ्यावर आपला जीव जडतो. तुझ्या अध्यक्षांवर वाचकाचा असा जीव जडला, तर तुझा लेख एका मासिकाच्या अंकात मावणार नाही.

त्यासाठी एक कर. पत्रात तू एक ओळ घाईनं लिहून गेलीस, कॉलेजात मी पण असंच बोलायचे. ती तुझ्या लेखातली सगळ्यात मोलाची ओळ आहे आणि ती लेखात नाही. मंडळात एक तरुण सदस्या आण. पंधरा पुस्तकं पाठ, मैत्रिणीच्या हातातल्या लेखिकेकडे बघून ‘बरं असतं’ म्हणणारी, सभेत एकटीच बाई असल्याचा अभिमान असणारी. ती तू होतीस, मीही होते. शेवटचा परिच्छेद काढल्यावर जी जागा रिकामी होईल, तिथे ती बसेल. तिनं त्या मैत्रिणीला नेमकं काय ऐकवलं होतं ते आठवून शब्दाला शब्द लिही.

बारीकसारीक दोन गोष्टी. अध्यक्षांचा चष्मा, त्यांची पिशवी आणि दर वाक्याआधीचं ‘मुळात’ बदल. गटातल्या कुणालाही दादा ओळखू येता कामा नये. आणि संपादकांना सुधारलेला लेख देताना जुनी प्रत बाजूला काढून ठेव, चुकून तीच छापायला जायला नको.

राहिलं पुस्तक. त्याला पटवायला म्हणून काही घेऊन जाऊ नकोस. ‘बघ, ही पण थोर आहे’ असं म्हणून दिलेलं पुस्तक तो परीक्षकासारखाच वाचील. त्याच ताज्या कलमात तू लिहिलंयस की नववीत त्यानं तुला दिलेल्या पहिल्या कादंबरीत त्याच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि एका पानावर समासात नुसतं ‘बघ!’ लिहिलेलं होतं. तुझ्या कपाटातलं तुला सगळ्यात आवडतं पुस्तक काढ, कुठल्याही लेखिकेचं, नवीन विकत घेऊ नकोस. तुझीच वापरलेली प्रत दे. जिथे तू थांबली होतीस तिथे पेन्सिलीनं खूण कर, आणि एका पानावर समासात लिही, ‘दादा, बघ!’

— ताई